दमा म्हणावा, की सीओपीडी?

पंचावन्नच्या पुढची बाई धाप लागते म्हणून दवाखान्यात येते, तेव्हा केसपेपरवर नक्की काय लिहायचं, हा डॉक्टरांपुढचा अवघड प्रश्न असतो. जिना चढताना दम लागतो, पहाटे खोकल्याची उबळ येते, थंडीत छातीत सूं-सूं वाजतं. दम्यातही हे होतं आणि सीओपीडीतही, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आखडण्याच्या आजारातही. ठोकताळा असा, की वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढलेला उतारवयातला माणूस असेल, तर सीओपीडी; लहानपणापासून शिंका, घरात कुणाला तरी दमा आणि त्रास अधूनमधून उफाळून येणारा असेल, तर दमा.

आपल्याकडे हा ठोकताळा चुलीपाशी कोलमडतो. जन्मात विडीला हात न लावलेल्या, पण काटक्या-गोवऱ्यांच्या धुरात आयुष्यभर भाकऱ्या थापलेल्या बायकांनाही सीओपीडी होतो. त्या वेळी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीबद्दल २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सविस्तर लिहिलं, तेव्हा त्यात चुलीच्या धुराचा मुद्दा ठळक होता. त्यात भर क्षयाची. जुना टीबी बरा होतो, पण श्वासनलिकांवर कायमचे व्रण ठेवून जातो. भारतात २०१६ साली सीओपीडीचे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज आहे. पण या दोन रकान्यांतली रेघ फार पक्की धरू नये, असं मला वाटतं.

मग निवाडा कशाने करायचा? स्पायरोमेट्रीने. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि शेजारी तंत्रज्ञाचा धोशा: "फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!" पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, हे यंत्र मोजतं. मग पंपाचे चार झोत देऊन पंधरा मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. समजा, पहिल्या सेकंदाची हवा १.२० लिटरवरून १.३८ वर गेली. वाढ १५ टक्के, पण फक्त १८० मिलिलिटर. अनेक वर्षं वापरात असलेला निकष १२ टक्के आणि २०० मिलिलिटर अशा दोन्ही अटींचा. एक पूर्ण झाली, दुसरी थोडक्यात हुकली. एकूण हवा २.१० लिटर असेल, तर औषधानंतरही या दोन्हींचं गुणोत्तर ०.७० च्या खालीच राहतं, म्हणजे कल सीओपीडीकडे. पण वर्षानुवर्षं नीट उपचार न झालेल्या दम्यातही श्वासनलिका अशाच कायमच्या आखडतात. उलट, खरा दमेकरी बऱ्या दिवशी आला, तर त्याची चाचणी साफ नॉर्मल निघू शकते!

हा घोळ जुना आहे. हे दोन्ही एकाच झाडाचे फाटे असावेत, असं ओरी या डच डॉक्टरांनी १९६१ च्या सुमारास मांडलं. तो वाद अजून मिटलेला नाही. आणि एकट्या दम्याचं निदानही दर वेळी पक्कं नसतं. कॅनडातल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या ६१३ प्रौढांना पुन्हा तपासलं. औषधं हळूहळू कमी करून चाचण्या केल्यावर त्यातल्या ३३ टक्के लोकांमध्ये सध्या दमा आढळलाच नाही. काहींचा ओसरला असेल, काहींना तो कधी नव्हताच.

नावाचा हा खल कागदापुरता नाही. दम्यात स्टेरॉइडविना नुसतं दीर्घकाळ टिकणारं, नळ्या रुंदावणारं औषध देणं जिवावर बेतू शकतं. सीओपीडीत मात्र स्टेरॉइडच्या पंपाने न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून शंका उरली आणि दम्याच्या खुणा दिसत असल्या, की छातीचे डॉक्टर स्टेरॉइड असलेला पंपच निवडतात आणि काही महिन्यांनी पुन्हा फुंकायला बोलावतात. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी ३०० च्या वर असतील, तर स्टेरॉइड लागू पडण्याची शक्यता जास्त. पीक-फ्लो मीटरवर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून लिहिलेले आकडे रोज वरखाली होत असतील, तर पारडं दम्याकडे झुकतं.

चाचणीला जाताना जुने रिपोर्ट सोबत न्यावेत आणि त्या सकाळी पंप घ्यायचा की नाही, हे डॉक्टरांना आधी विचारावं. पंप घेऊनच गेलात, तर दोन फुंकांमधला फरक यंत्राला दिसणार कसा?