सपाटीवरून सायकल : मैंदर्गीचा न दिसणारा घाट

पुण्याहून एका वाचकांनी पत्रात मला चांगलंच कोंडीत पकडलंय. ते लिहितात, "वळसंगपासून दुधनीपर्यंत एकही घाट नाही, असं तुम्हीच सांगता. आणि मैंदर्गीहून अक्कलकोटला यायला मार्चच्या दुपारी दीड तास लागतो, हेही तुम्हीच सांगता. अंतर तर पंधरा किलोमीटरही नाही! तुम्ही वाटेत झोपता का?"

झोपतो, पण ते मैंदर्गीत, लिंबाखाली. रस्त्यावर जो वेळ जातो तो वाऱ्यापायी.

तुळजापूरचा घाट उतरून बालाघाटचे डोंगर मागे पडले, की दक्षिणेकडे भीमेपर्यंत सायकलवाल्याला घाबरवेल असं जमिनीत काही नाही. सोलापूर आणि कलबुर्गी ही दोन्ही शहरं समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहेत. मधे ओढे येतात, बोरी नदी येते, तिथे रस्ता खाली जाऊन वर येतो, तेवढंच. इंग्रजांनी रेल्वे सोलापूरच्या पुढे नेली तेव्हा त्यांना इथे बोगदे खणावे लागले नाहीत. होटगी, तिलाटी, नागणसूर, बोरोटी, दुधनी करत लाईन पुढे गेली आणि १८७१ साली रायचूरला मद्रासकडून आलेल्या लाईनला जाऊन मिळाली. जिथून आगगाडी विनातक्रार जाते, तिथे आपल्या चोवीस इंची, दांड्याच्या, बिनगिअरच्या सायकलने तक्रार करायचं कारण नाही.

पण आगगाडीला वारा लागत नाही. म्हणजे लागतो, पण त्याचं बिल इंजिन भरतं. आपल्या बाबतीत ते मांड्या भरतात.

हिशेब सोपा आहे. वारा पडलेला असताना तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चाललात, तर अंगावर हवा येते तीही ताशी १५ची. आता समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा सुटला. हा काही वादळी वारा नव्हे, वाळत घातलेलं धोतर फडफडेल इतपत. पण अंगावरची हवा आता ताशी २५ची झाली. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो पावणेदोन पट न होता पावणेतीन पट होतो. ताठ बसून चालवायच्या आपल्या सायकलवर हा जास्तीचा भार म्हणजे, ढोबळमानाने, दर शंभर मीटरला सव्वा मीटर चढणं. मैंदर्गी ते अक्कलकोट हा गुणाकार करून बघा, दीडशे मीटरच्या पुढे जातो. सिंहगड पायथ्यापासून जेवढा चढावा लागतो, त्याचा साधारण पाव हिस्सा. हाच तो घाट. नकाशात नसतो, वळणं नसतात, माथ्यावर चहाची टपरी नसते, आणि वर पोचल्याचं समाधानही मिळत नाही.

"जाताना समोरून लागला तर येताना पाठीवर मिळेल, फिट्टंफाट!" असं म्हणणारे भेटतात. फिट्टंफाट होत नाही. १५ किलोमीटर जायचं आणि यायचं आहे असं धरा. वारा नसेल तर एकेक तास, एकूण दोन तास. वाऱ्याने जाताना वेग १०वर आला आणि येताना २०वर गेला, तर जायला दीड तास, यायला पाऊण तास, एकूण सव्वादोन. वारा जे घेतो ते जास्त वेळ घेतो आणि देतो ते कमी वेळ देतो. सावकारी व्यवहार आहे हा.

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. आपल्या या लेखमालेत जसलं हिंडणं चालू आहे, त्याचा तो जगातला सगळ्यात नावाजलेला नमुना. सपाट रान, द्राक्षमळे, आणि दर मुक्कामाला एखादा राजवाडा. १५१९ साली बांधायला घेतलेला शांबोरचा महाल त्याच पट्ट्यात, आणि लिओनार्दो दा विंची त्याच वर्षी जिथे वारला ते आंब्वाजही. नदी वाहते पश्चिमेला, अटलांटिककडे. उतार त्या दिशेला, म्हणजे सायकलीही तिकडेच जात असतील असं वाटतं. पण जाणकार सांगतात, समुद्राकडून सुरू करा आणि नदीच्या उलट, पूर्वेला चला. कारण तिथला वारा बहुतेक पश्चिमेचा. नदीचा उतार इतका किरकोळ की तो पायांना कळतही नाही. वारा मात्र पहिल्या तासातच कळतो.

आपल्याकडेही हेच. भीमा आग्नेयेला वाहते आणि सोलापूर, अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी, गाणगापूर हा आपला सगळा रस्ताही त्याच रोखाने पूर्वेकडून आग्नेयेला सरकतो. त्यामुळे इथे प्रश्न चढ-उताराचा नसतो. महिना कुठला आणि घड्याळात किती वाजले, एवढेच दोन प्रश्न असतात.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा पश्चिमेचा आणि जोरकस. दुधनीकडे जाताना तो पाठीवर असतो, परतीच्या वाटेवर छातीवर. या दिवसांत मी सरळ एकमार्गी जातो. अक्कलकोटहून निघायचं, दुधनीला पोचायचं आणि सायकल एखाद्या परतीच्या टेम्पोत टाकायची. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही. फक्त पावसात डांबरी सोडू नये. इथली काळी माती ओली झाली की चाकाला धरते, मडगार्डखाली ठासून बसते आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. मग बाभळीच्या काटकीने ती उकरत बसा. एरवी आपण सायकलवर असतो, तिथे सायकल आपल्या खांद्यावर येते.

हिवाळ्यात चित्र उलटतं. नोव्हेंबरपासून वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. दत्तजयंतीला अक्कलकोटहून गाणगापूरला निघालेल्यांना हा वारा समोरून लागतो. पण हिवाळ्याची सकाळ आपल्या बाजूची असते. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होऊन जागच्या जागी बसते. वरचा वारा तिच्या डोक्यावरून निघून जातो, खाली काही येत नाही. ऊन चढून जमीन तापली की ही बैठक मोडते, हवा वरखाली घुसळायला लागते आणि वरचा वारा खाली उतरतो. आमच्याकडे हे साधारण नऊ-दहाला होतं. म्हणून डिसेंबरात उजाडताच अक्कलकोट सोडायचं, पडलेल्या हवेत मैंदर्गी गाठायची, चहा घेऊन दुधनीला पोचायचं. तिथे बाजार समितीत तुरीचे ढीग आणि लिलाव बघत दुपार करायची, आणि दुपारचा पूर्वेचा वारा पाठीवर घेऊन घरी यायचं.

याच दिवसांत वेळ अमावस्या येते. मार्गशीर्षातली ही अमावस्या आली की सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोपी उभारलेली, तिच्यात पांडवांची पूजा, आणि बाहेर पंगत. त्या दिवशी या रस्त्याने वेळेवर कुठेही पोचता येत नाही. ज्वारीतून हाका येतात, "या की सर, जेवून जावा!" भज्जी, बाजरीचे उंडे, गाडग्यातली गार आंबील. दोन पेले आंबील पोटात गेल्यावर वारा कुठल्याही दिशेचा असो, सायकल कोपीला टेकून उभीच राहते.

राहिला मार्च. पुण्याच्या वाचकांचा प्रश्न इथलाच आहे. वारा पुन्हा पश्चिमेकडे वळलेला असतो आणि दुपारी खरा अंगात येतो. मैंदर्गीहून अक्कलकोटकडे तोंड केलं की तो समोरच. त्यावरचा उपाय मला मैंदर्गीच्याच एका अज्जांनी सांगितला. दुपारी अडीचच्या सुमाराला मी टायरात हवा मारून निघायच्या बेतात होतो. अज्जा लिंबाखाली बसले होते.

"कुठं निघालाव?"

"अक्कलकोटला."

"आत्ता? गाळी उतरू दे की."

"किती वाजता उतरेल?"

गाळी म्हणजे वारा. अज्जांनी घड्याळाची वेळ सांगितली नाही. मळणीयंत्रं यायच्या आधी ते खळ्यावर ज्वारी उफणायचे. वावडीवर उभं राहायचं, खालून कुणीतरी पाटी भरून द्यायची, ती डोक्याच्या वर धरून धान्य हळूहळू सोडायचं. दाणा सरळ खाली, भुसा वाऱ्याबरोबर लांब. वारा नसेल तर रास तशीच पडून, म्हणून वाऱ्याची वाट बघणं हेच काम. ज्याने सगळी सुगी वाऱ्याकडे बघत काढली, त्याला वाऱ्याचं वेळापत्रक पाठ असतं.

"दिवस कलला की भुसा आपल्याच अंगावर पडतंय," अज्जा म्हणाले. "तवा आम्ही पाटी ठेवायचो. तवा तुम्ही निघा."

मी थांबलो. सूर्य बाभळींच्या उंचीवर आला तेव्हा निघालो, आणि तोच रस्ता तासाभरात संपला. जमीन निवू लागली की घुसळण थांबते आणि वारा वरच राहतो, हे पुस्तकी कारण मला ठाऊक होतं. पण भुसा अंगावर पडायला लागण्याची खूण त्याहून नेमकी, कारण तिच्यात दिवस कुठला आणि हवा कशी हे आपोआप येतं. आता खळी नाहीत, पण वीटभट्टीचा धूर आहे, देवळाचा झेंडा आहे. धूर सरळ वर गेला, झेंडा काठीला चिकटला, की पायडलवर पाय ठेवायचा.

सायकलभ्रमणाचा पंथ ज्याने फ्रान्समध्ये रुजवला तो पॉल द व्हिव्ही ऊर्फ व्हेलोसिओ (१८५३–१९३०) हाही सोलापूरसारख्या विणकरांच्याच गावचा. सेंत-एतियन हे फिती विणणारं गाव. रेशमाचा व्यापार सोडून त्याने तिथे सायकलींचं दुकान काढलं, मासिक चालवलं आणि गिअरसाठी लोकांशी आयुष्यभर भांडला. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला प्रोव्हान्सकडे त्याच्या सहली जात. त्या खोऱ्यात उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा येतो, असा की तिथली शेतघरं त्याच्याकडे पाठ करून बांधतात आणि मळ्यांच्या कडेला सुरूच्या रांगा लावतात. व्हेलोसिओने सायकलवाल्यांसाठी काही नियम घालून दिले. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, जेवण नकोसं होईल इतके दमू नका. शेवटी त्याने बजावलंय की केवळ मिजाशीसाठी पायडल मारू नका.

हा शेवटचा नियम आपल्या सपाटीवर सगळ्यात जास्त मोडला जातो. घाटात माणूस उतरून सायकल ढकलतो आणि कुणी हसत नाही. सपाट रस्त्यावर उतरायची मात्र लाज वाटते. मग भर दुपारी मान खाली घालून, दात-ओठ खात माणूस वाऱ्याशी झुंजत राहतो आणि आजूबाजूचं काहीच बघत नाही. सहलीला निघाला होता, हेच विसरतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच की सहलीचा बेत आखताना दोन याद्या करा. वारा पडलेला असतो त्या वेळा एका बाजूला, आणि वाटेतल्या बघायच्या जागा दुसऱ्या बाजूला. पहिल्या यादीत सायकल चालवा, उरलेला वेळ दुसरीला द्या. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरीवर बांधलेला पाणीमहाल, हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावरची देवळं आणि तिथला शके ९४०चा मराठी शिलालेख, दुधनीचा बाजार, ही सगळी भर दुपारची ठिकाणं आहेत. दगडी भिंतीआड वारा लागत नाही.

अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार या आठवड्यात दाखवायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारी. तोवर ज्यांना निघायचं आहे त्यांनी एक करावं. रस्त्याकडेच्या सराट्याने इथे चाकं रोज पंक्चर होतात, तेव्हा पंक्चरचं सामान पिशवीच्या तळाशी न टाकता सीटखाली बांधावं.