जुना रोलर कोणाचा?

चेन्नईतल्या पुदुपेट्टच्या सुट्या भागांच्या बाजारात जुनी मोटार ओळखणारे पुष्कळ भेटतात. रोड रोलरकडे मात्र कोणी नीट बघत नाही. कंत्राटदाराच्या आवारात गंजत पडलेल्या रोलरबद्दल जो तो मनाला येईल ते ठोकून देतो.

गैरसमज: उंच धुराडं दिसलं की रोलर वाफेचा, आणि वाफेचा म्हणजे इंग्रजांच्या काळातला.

वस्तुस्थिती: धूर सोडणारी उभी नळी डिझेल रोलरलाही असते. वाफेच्या रोलरला लांब आडवा बॉयलर असतो आणि चालकाच्या बाजूला भट्टीचं दार. राहिला काळ. आपल्याकडच्या टेल्को कंपनीने इंग्लंडच्या मार्शल कंपनीच्या सहकार्याने वाफेचे रोलर काढले ते 1948 साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर. रोलर बांधणाऱ्यांत कोलकात्याची जेसपही होती.

गैरसमज: पुढे घोडा आहे, म्हणजे कंपनी ‘इन्व्हिक्टा’.

वस्तुस्थिती: मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा हे इंग्लंडमधल्या केंट परगण्याचं चिन्ह आणि इन्व्हिक्टा हे त्याचं ब्रीद. केंटमधल्या रोचेस्टरच्या अ‍ॅव्हलिंग अँड पोर्टरने ते आपल्या रोलरवर लावलं. 1934 साली ही कंपनी बारफर्ड अँड पर्किन्समध्ये मिसळून अ‍ॅव्हलिंग-बारफर्ड झाली, कारखाना ग्रँथमला गेला, पण घोडा राहिला. तेव्हा नुसत्या घोड्यावरून काळ ठरवू नये. सोबत ‘बारफर्ड’ हे नाव असेल तर रोलर 1934 नंतरचा.

गैरसमज: बॉयलरवर ठोकलेला आकडा हाच कारखान्याचा क्रमांक.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. 1923च्या बॉयलर कायद्याप्रमाणे मालकाला सरकारी नोंदणी क्रमांक बॉयलरवर कायमचा उमटवावा लागे. अनेकदा वाचला जातो तो हाच. कारखान्याचा क्रमांक पितळी पाटीवर असतो. पण पितळ चोरीला जातं, एकाची पाटी दुसऱ्यावर बसते. म्हणून सिलिंडर, कनेक्टिंग रॉड अशा भागांवरचं तेल-माती पुसून तिथे ठोकलेले आकडे शोधावेत आणि पाटीशी ताडून पाहावेत. जुळले नाहीत तर दोन रोलरच्या भागांतून एक उभा केलेला असू शकतो. असा रोलर मला कमअस्सल वाटत नाही. तो चालू ठेवणाऱ्या मिस्त्रीचं कसब त्यात दिसतं.

गैरसमज: इंजिनावर ज्याचं नाव, त्याचाच रोलर.

वस्तुस्थिती: डिझेल रोलरचं इंजिन बाहेरून घेतलेलं असू शकतं. चेन्नईची सिम्पसन ही 1840 पासूनची कंपनी आधी घोडागाड्या बांधायची, पुढे डिझेल इंजिनं करू लागली. इंजिनावर ‘सिम्पसन’ दिसलं तर एवढंच कळतं की इंजिन त्यांचं आहे.

गैरसमज: रोलर तिकडे विलायतेत घडला, आपण नुसता वापरला.

वस्तुस्थिती: कलकत्त्याचे पालिका अभियंता विल्यम क्लार्क यांनी बर्मिंगहॅमच्या बाथो यांच्यासोबत 1863 साली वाफेच्या रोलरची रचना केली. सुरुवातीच्या वाफेच्या रोलरांतला हा एक.

तुमच्या ओळखीत असा रोलर असेल तर रंगाचा नवा हात मारण्याआधी किंवा भंगारवाल्याला बोलावण्याआधी पाटीचे आणि ठोकलेल्या प्रत्येक आकड्याचे फोटो काढून ठेवा.