सव्वाअकरा फेऱ्या

नववी फेरी चाललीय. क्रीडा संकुलाच्या मैदानावर दिवस मावळलाय, तरी समोरून येणाऱ्याचा चेहरा अजून ओळखू येतो. डावीकडून भरतीची पोरं धापा टाकत पुढं निघून जातात. त्यांचं सोळाशे मीटर चाललंय. पोलीस भरतीत छाती न फुगवता 79 सेंटिमीटर लागते आणि फुगवून आणखी 5. मला कमरेला 90 च्या आत यायचंय आणि मी अजून 97 वर अडकलोय. ती पोरं वाढवायला पळतात, मी कमी करायला चालतो. टेप एकच.

माझ्या बाजूला अण्णा. निवृत्त ग्रामसेवक, आमच्याच गल्लीतले, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. यांनीच मला या नादाला लावलं.

"सर, पाय उचला. सदतीस मिनटं झाली."

45 मिनिटांत साडेचार किलोमीटर. ट्रॅक 400 मीटरचा, म्हणजे सव्वाअकरा फेऱ्या. दिवसात दोनदाच जेवायचं, तेही कडकडून भूक लागल्यावर. पहिला घास घेतला की 55 मिनिटांत ताट संपलं पाहिजे. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होते, तेव्हापासून ही पद्धत मराठवाड्यात गावोगाव गेलेली. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. आपण जितक्या वेळा खाऊ तितक्या वेळा स्वादुपिंड इन्सुलिनचं माप ओततं, तेव्हा मापंच कमी करा, असा त्याचा गाभा. आहारतज्ज्ञांमध्ये यावर मतभेद आहेतच. 2018 च्या सुमारास 'दीक्षित की दिवेकर' यावरून लग्नाच्या पंगतीत वाद रंगायचे, आणि दोन्ही पक्षांच्या पानात जिलबी असायची. मला यातलं शास्त्र फार कळत नाही, काटा तेवढा कळतो. जुलैत 86.4 होतो. आज सकाळी 81.9. पट्ट्याला खिळ्यानं एक जादा भोक पाडलंय, ते मी अधूनमधून बोटानं चाचपून बघतो.

सव्वाअकरा होतात. अण्णा घराकडं वळता वळता मागं बघून सांगतात, "स्टॅण्डकून नका जाऊ बरं."

त्याच वेळी घरून फोन. "येताना मेथी आणा. दोन जुड्या."

मेथी स्टॅण्डकडंच मिळते. यात माझा काय दोष?

स्टॅण्डसमोर ही तोबा गर्दी. परळीची गाडी लागलीय, खिडकीतून रुमाल, पिशव्या, एक चप्पलसुद्धा आत टाकून जागा धरणं चाललंय. रेल्वे आली बीडला. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, पहिली गाडी अहिल्यानगरकडं निघाली आणि तीन पिढ्यांची वाट बघणं संपलं. पण स्टॅण्डवरचं एक माणूस कमी झालेलं दिसत नाही. कडेला पाट्यांतून सीताफळं मांडलीयत. डोळे उघडलेली, काही तर पिकून फुटलेली. बालाघाटातल्या या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मला नेमकं तेच मधल्या वेळात खायला बंदी. मी पाटीकडं न बघता पुढं होतो. मेथी घेतो. दोन जुड्या, वीस रुपये. इथवर सगळं नीट आहे.

मग वास येतो.

तळलेल्या मिरचीचा. वड्याचा वास मागून येतो, आधी मिरची येते. नाकात शिरते आणि घशाच्या मागं जाऊन बसते. गाड्यावर मोठी लोखंडी कढई, तेलाचा रंग उकळलेल्या काळ्या चहासारखा. तेलातले पोलर घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचं, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, 2018 पासून. ते मोजायचं यंत्र या रस्त्यावर कुणी पाहिलं असेलसं वाटत नाही. शेजारी चायनीजचा गाडा. तिथं क्लास सुटलेली पोरंपोरी लालभडक मंचुरियनच्या प्लेटा हातात धरून उभी. तो मला मोहात पाडत नाही. सव्वाशे दिवस मी या दोन्ही गाड्यांवरून मान खाली घालून गेलोय आणि आजही गेलो असतो.

"ओ सर! लई दिसांनी!"

गाडेवाला. याची थोरली पोरगी माझ्या वर्गात होती.

"आवो किती खराब झालाव! काय झालंय? शुगर निघाली का?"

आमच्याकडं माणूस जाड झाला की 'सुधारला' म्हणतात. तब्येत सुधारली, अंग धरलं, लग्न मानवलं. बारीक झाला की 'खराब झाला', 'वाळला', 'उतरला'. साडेचार किलो उतरवताना गेल्या चार महिन्यांत एकानंही मला शाबास म्हटलेलं नाही. शाळेत शिपायानं विचारलं, घरी काही टेन्शन हाय का. मावशीनं सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन करून खायला घालतेस का नाही म्हणून झापलं. दुष्काळात ज्यांच्या घरी भाकरी मोजून वाढली जायची, त्यांनी ही भाषा घडवलीय. तिच्यात वजन कमी करण्याला चांगला शब्दच नाही. मग माणसानं कुठल्या तोंडानं 'नको' म्हणावं?

"नाही हो, शुगर-बिगर काही नाही. मुद्दाम कमी करतोय."

"मुद्दाम?" तो झारा हातात धरून माझ्याकडं बघतो. त्याला खरोखर कळलेलं नाही. "बरं, हा घाना बगा आत्ताच काढला. घ्या एक."

मी थांबतो. मेथीची पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात.

तेवढ्यात गाड्यामागं एक ट्रक येऊन उभा राहतो. ऊसतोडीची टोळी. मागं ताडपत्री, कोपीचं सामान, बाजरीची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या, एक शेळी आणि या सगळ्याच्या वर माणसं. दिवाळी झाली की दरवर्षी असे ट्रक-ट्रॅक्टर जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. उचल घेतलेली असते, ती फेडायला. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत एक 'कोयता' म्हणतात. यंदा सप्टेंबरच्या पुरानं सोयाबीन गेलं, तेव्हा मागं राहून करायलाही फारसं काही नाही. ट्रकमधून एक बाई उतरते, पदर कमरेला खोचलेला, दोन लेकरं मागं. ती दोन वडापाव घेते.

"एकाला तिखट नगं लावू, भाऊ."

एका पावाचे ती हातानंच दोन तुकडे करते. वडा मोडताना वाफ निघते, ती फुंकते, आतली हिरवी मिरची नखानं उचलून स्वतःच्या तोंडात टाकते आणि दोन्ही लेकरांना अर्धा-अर्धा देते. दुसरा वडापाव कागदात गुंडाळून पदराखाली धरते. तो वर ट्रकमध्ये कुणासाठी तरी आहे. वडापाव दादर स्टेशनबाहेर 1966 च्या सुमारास अशोक वैद्यांनी सुरू केला असं सांगतात. गिरणीच्या पाळीला जाणाऱ्या घाईच्या माणसाचं ते पोटभरीचं खाणं होतं. या लेकरांचंही आज रात्रीचं जेवण बहुधा हेच. ट्रक हॉर्न देतो. धाकटं लेकरू चढता चढता हाताला लागलेला बेसनाचा चुरा चाटतं.

आणि मी हातात दोन जुड्या मेथी धरून 81.9 चा विचार करतोय. मला स्वतःचीच जरा लाज वाटते. त्या लाजेचा उपाय म्हणून मी काय करावं? "द्या एक," म्हणतो. तर्कात बसत नाही. पण असंच झालंय, म्हणून लिहितो.

तो पाव मधोमध चिरतो, एका बाजूला लसणाची लाल चटणी, दुसरीला चिंचेचं पाणी शिंपडल्यासारखं. वडा आत दाबतो, कड फुटून पिवळा बटाटा जरासा बाहेर येतो. वर मिठात घोळलेली मिरची, देठासकट. रद्दीच्या कागदात गुंडाळून हातात. कागदावर शेतमालाचे भाव आहेत. सोयाबीन, हमीभाव 5,328, पुढचं तेलानं पारदर्शक झालंय आणि त्यातून मागच्या पानावरची कुठलीशी जाहिरात उलटी दिसतेय. छापील कागदात गुंडाळून खाद्यपदार्थ देऊ नका हेही त्याच प्राधिकरणानं सांगून ठेवलंय. मी पहिला घास घेतो.

त्याबद्दल काय लिहू! वरचं कवच कुरकुरीत आहे, आतला बटाटा भाजेल इतका गरम, आणि मोहरी दाताखाली आलीय. टाळू भाजली तरी मी तोंड उघडून हवा आत घेत घेत चावतोय. चार महिन्यांनी. चटणी ओठाच्या कोपऱ्याला लागल्याचं कळतंय, पण पुसायला हात मोकळा नाही. दुसरा घास पहिल्याहून मोठा. वडा संपतो तेव्हा अर्धा पाव उरलेला असतो, हे नेहमीचंच, आणि गाडेवाला न विचारता त्या अर्ध्या पावात आणखी एक वडा ठेवतो.

"ह्याचे पैसे नका देऊ. खा. लई वाळलाव."

मी तोही खातो. मिरचीचं देठ तेवढं उरतं.

आणि मग घड्याळाकडं नजर जाते. सात वाजून नऊ. पहिला घास मी घेतला तो साधारण सात वाजून दोनला. म्हणजे 7 वाजून 57 पर्यंत माझी 55 मिनिटं चालू आहेत! घर इथून पाऊण किलोमीटरवर. आत्ता निघालो, घरी लगेच ताटावर बसलो आणि 57 च्या आत उठलो, तर हे सगळं मिळून एकच जेवण धरता येईल. नियम मोडला असं होणारच नाही. डॉक्टर माफ करोत, पण एवढं चोख गणित मी आयुष्यात कधी वर्गातसुद्धा मांडलेलं नाही.

फोन लावतो. "ताट वाढ. निघालोय."

"आत्ता? आठला बसता ना रोज?"

"आज भूक लागलीय."

मी चालतोय. मैदानावर चाललो नाही इतक्या वेगानं. मेथीच्या जुड्या पिशवीतून डोकं काढून हलतायत, पट्टा पोटाला काचतोय, एका ओळखीच्या स्कूटरवाल्याला मी फक्त हात करतो. गल्लीच्या तोंडाशी अण्णा ओट्यावर बसलेत, हातात काळ्या चहाची कपबशी.

"सर, अजून चालणं चालूच?"

"हो, हो," मी न थांबता म्हणतो.

7 वाजून 22. हातपाय धुऊन ताटावर. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी, काकडी. बायको मेथीच्या जुड्या सोडतेय आणि माझ्याकडं बघतेय. मी भाकरीचा तुकडा मोडतो. पोटात जागा आहे का नाही याचा अंदाज घेत हळूच चावतो. ती उठते, जवळ येते, पदरानं माझ्या ओठाचा कोपरा पुसते आणि पदराचं ते टोक दिव्याकडं धरून बघते. लाल आहे.

"स्टॅण्डसमोरचा का?"

मी खाली बघतो.

"एक का दोन?"

"पाव एकच," मी म्हणतो.

ती दुसरी भाकरी टोपल्यात परत ठेवते. "उद्या सव्वाअकरा नाही. पंधरा घालायच्या."

पंधरा फेऱ्या म्हणजे सहा किलोमीटर होतात.