पनवेलचा पावसाळा : साप, ताप आणि वीस मिनिटे

जून ते ऑक्टोबर या काळात पनवेलच्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात दोन तऱ्हेचे रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर दिसतात : साप चावलेले आणि तापाने फणफणलेले. एका अंगाला कर्नाळ्याचे जंगल, माथेरानच्या पायथ्याच्या आदिवासी वाड्या आणि भातखाचरे. दुसऱ्या अंगाला खाडी, बांधकामे आणि तुंबलेले पाणी. उंदीर, साप, डास आणि माणूस इथे एकाच उंबऱ्याशी येतात. फिजिशियन म्हणून या वॉर्डांत फिरताना मला एक गोष्ट पटली आहे. ‘साप कोणता?’ हा प्रश्न नातेवाइकांना सर्वांत मोठा वाटतो. उपचार मात्र रुग्णाचे शरीर काय सांगते त्यावर ठरतात.

आपल्याकडे माणसांचे सर्वाधिक बळी घेणारे साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती संपवते. ते ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग ती एकदा तिरपी करायची. रक्त ओघळले तर विष भिनले आहे. नळी काचेचीच हवी आणि साबणाने धुतलेली नको. नाहीतर चांगले रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. पहिली नळी गोठली तरी काही वेळाने पुन्हा पाहावे लागते, कारण विष हळूहळू पसरते.

मण्यारीपुढे मात्र ही नळी काहीच बोलत नाही. ती रात्री चावते, बहुधा जमिनीवर झोपलेल्याला. दंश दुखत नाही, सुजत नाही; अनेकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते आणि घरचे पित्तावर औषध देतात. उजाडेपर्यंत पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आवाज बसतो, मग श्वास थांबू लागतो. म्हणून पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या माणसाला मी दोन गोष्टी विचारतो : रात्री कुठे झोपला होतात, आणि वर बघता येते का? पुढच्या अवस्थेत असा रुग्ण हलत नाही, बाहुल्याही प्रकाशाने आकुंचन पावत नाहीत. पाहणाऱ्याला तो गेला असे वाटते. प्रत्यक्षात तो शुद्धीवर असू शकतो आणि आपले बोलणे ऐकत असू शकतो. कृत्रिम श्वासावर काही दिवस तग धरला, तर अशी माणसे चालत घरी जातात.

आता शेजारची खाट. ताप, डोळे लाल, पोटऱ्यांत असह्य वेदना, काविळीची छटा, लघवी कमी : ही लेप्टोस्पायरोसिसची ठेवण. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा चिखलातून हे जंतू पायाच्या जखमेवाटे शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईने ही साथ अनुभवली. घोणशीच्या विषानेही मूत्रपिंडे बंद पडतात आणि रक्तस्राव होतो. त्यामुळे अनवाणी चिखलणी करणारा शेतकरी उशिरा आणि अर्धवट माहितीसह आला, की दोन्ही शक्यता समोर उभ्या राहतात. तेव्हा क्रम विचारावा : आधी ताप आला की आधी पाय सुजला? तापाच्या रुग्णाचे कपडे काढून काखा, जांघा तपासाव्यात. तिथे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे साधे, स्वस्त औषध चालते. ती खपली पाहायला मात्र कुणीतरी वाकावे लागते.

प्रतिविषाबद्दलही गैरसमज आहेत. ते घोड्यांच्या रक्तातून तयार होते. परळच्या हाफकिनचे नाव आपल्याला त्यासाठीच ठाऊक आहे. ते या चार सापांसाठी आहे. आपल्या डोंगरांतल्या हिरव्या चापड्यासाठी नाही. त्याची तीव्र रिॲक्शनही येऊ शकते, म्हणून प्रत्येक दंशाला ते टोचत नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये अभिनेते सलमान खान यांना पनवेलजवळच्या फार्महाऊसवर साप चावला. तो बिनविषारी निघाला. काही तासांत ते घरी परतले. नजरेखाली ठेवणे हादेखील उपचारच आहे. मात्र प्रत्येकाच्या दाराशी गाडी नसते.

2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अंदाज आहे. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. त्याचा मार्ग आपल्याच जिल्ह्यात दिसला आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने असंख्य जीव वाचवले. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणे छापली.

हा अंक हाती येईल तेव्हा भातकापणी सुरू असेल. पेंढीखाली हात घालण्याआधी ती काठीने हलवा, पायात बूट घाला, रात्री बॅटरी घ्या, जमिनीवर झोपावे लागले तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. साप चावलाच तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका. अंगठी, बांगड्या काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि 108 ला फोन करा. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. दंश किती वाजता झाला तेवढे सांगा. आम्हाला त्याचाच उपयोग होतो.