व्हर्जिनियांतील जॉन्सन घराण्याचें मूळ

वसाहतकालीन अमेरिकेंतील सामान्य कुळांचा माग काढण्यास जमिनीच्या सनदा व न्यायालयाचे निवाडे हींच साधनें आम्ही अधिक विश्वसनीय मानतों. व्हर्जिनियांत १६२१ सालीं आलेला अँथनी जॉन्सन आरंभींच्या कागदांत केवळ ‘अँटोनिओ, नीग्रो’ आहे. पुढें पांच माणसें आणविल्याबद्दल, दर असामीस ५० एकरांप्रमाणें, १६५१ त त्यास २५० एकरांची सनद मिळाली. १६५५ च्या निवाड्यानें जॉन कॅसर हा त्याचा गुलाम ठरला. एके काळचा चाकर आतां धनी झाला होता, हें ध्यानांत घ्यावें. तरीहि १६७० त, तो मेरीलँडांत वारल्यावर, व्हर्जिनियांतील पंचांनीं त्यास नीग्रो म्हणून परका ठरविलें व त्याची तेथील जमीन सरकारजमा करण्याचा निर्णय दिला. मूळ देशाचा धागा नातवाच्या खरेदींत सांपडतो: १६७७ त मेरीलँडांत घेतलेल्या ४४ एकरांस त्यानें ‘अंगोला’ हें नांव दिलें.