दोन आठवड्यांची मुदत

संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे, हा विचार २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने जगापुढे मांडला आणि त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आपल्या शोधनिबंधांचे मुक्त भांडारही उघडले. त्यानंतरची बारा वर्षे मला आठवतात ती परिषदांपुरती, आणि त्यांविषयी अधिक लिहावे असे वाटत नाही.

परंतु डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने संयुक्त धोरण जाहीर करून, अनुदानातून सिद्ध झालेल्या निबंधाचा अंतिम मसुदा नियतकालिकाने स्वीकारल्यापासून दोन आठवड्यांच्या आत भांडारात दाखल करण्याचा दंडक घातला, तेव्हा वाढत्या वर्गण्यांपायी दरसाल एकेक नियतकालिक बंद करण्याची यादी जड हाताने करणाऱ्या माझ्यासारख्या ग्रंथपालाला प्रथमच आशा वाटली. प्रकाशकाची अट असेल तर निबंध काही महिने झाकून ठेवण्याची मुभा होती, खर्च अल्प होता. हवी होती ती तत्परता, आणि तीच मिळाली नाही. मसुदे मागत मी संशोधकांच्या दालनोदालनी हिंडलो. बहुतेकांपाशी प्रकाशकाने छापलेली प्रत तेवढी असे, जी खुली करण्याचा हक्क त्यांनी स्वतःच करारावर सही करून सोडलेला असे, आणि जो मसुदा ठेवता आला असता तो फेरफारांच्या गर्दीत केव्हाच नाहीसा झालेला असे. पुढे भांडाराचे यंत्र बिघडले. नव्या यंत्राच्या मंजुरीचा कागद आमच्या संस्थेच्या दप्तरात दोन वर्षे पडून राहिला, आणि मसुदा दाखल केला नाही म्हणून कोणाचे अनुदान अडल्याचे मी कधी पाहिले नाही. हा दोष मी प्रकाशकांच्या माथी मारणार नाही. तो आमचा होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर करून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली, आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांसाठी घेण्याचे ठरले. लहान गावच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्यामुळे जे मिळाले ते मोलाचे आहे, हे मी मनापासून मान्य करतो. पण ते वाचन भाड्याचे आहे आणि संस्थेच्या दाराशी संपते; तालुक्याच्या गावी खासगी दवाखाना चालविणारा डॉक्टर बाहेर आहे, आणि निवृत्त झाल्यापासून मीही. ज्या निबंधांच्या नोंदी मी आयुष्यभर ठेवल्या, त्यांतील कितीतरी आज मला उघडत नाहीत.

अनुदान घेणाऱ्या संशोधकांना माझी विनंती आहे: स्वीकृतीचे पत्र हाती येईल त्या दिवशीच आपला मसुदा ग्रंथपालाच्या स्वाधीन करा.