सासवड रोडला गाडी थांबते का हो?

पुणे स्टेशन सोडून गाडी पूर्वेला निघाली की घोरपडीजवळ रूळ दोन वाटांना लागतात. एक वाट हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत करत दौंडला जाते. दुसरी वानवडी-रामटेकडीच्या कडेनं वळते आणि सासवड रोड, फुरसुंगी, आळंदी, शिंदवणे, आंबळे, राजेवाडी, जेजुरी अशी चढत पुढं नीरा, लोणंद, सातारा, मिरज गाठते. वारकऱ्याला हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. आषाढीच्या वाटेवर दोन्ही पालख्या हडपसरला अशाच वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत करत बारामतीकडे जाते. माउलींची सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद करत फलटणला. लोणंद-फलटण लाइन झाली आणि मार्च २०२१मध्ये पुण्याहून फलटणला थेट डेमू सुटली, तेव्हा माउलींच्या मुक्कामांची ही यादी रेल्वेच्या वेळापत्रकातही जवळजवळ पुरी झाली.

वारी पाहून इंग्रजांनी रूळ टाकले, असं म्हणायला काही आधार नाही. पाणी आणि चढ बघूनच माणसं वाट पाडतात आणि त्याच हिशेबानं रूळही पडतात. फरक एवढाच, की दिवे घाट माउलींच्या रथाला चालतो, इंजिनाला चालत नाही. म्हणून रेल्वे सासवडला न जाता शिंदवण्याच्या अंगानं वर चढते. सासवडकरांच्या वाट्याला आलं ते ‘सासवड रोड’ नावाचं स्टेशन, आणि तेही घाटाच्या अलीकडे, गावापासून वीसएक किलोमीटरवर. याच लाइनीवरची आळंदी म्हणजे म्हातोबाची आळंदी. ज्ञानेश्वरांच्या आळंदीचं म्हणून तिकीट काढून इथं उतरलेल्या भाविकांचे किस्से या भागात अजून रंगवून सांगतात.

इतिहास थोडक्यात उरकतो. खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली १४ जून १८५८ रोजी. बोरघाटातला मार्ग व्हायला १८६३ उजाडलं, तोवर मधला घाट प्रवासी पालखीनं किंवा तट्टावरून उतरत. पुणे स्टेशनची आजची इमारत १९२५ची आणि ‘डेक्कन क्वीन’ १९३०ची, हे पुणेकराला झोपेतही पाठ असतं. मिरज लाइनीचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. ती सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. १९७०च्या आगेमागे ती रुंद झाली आणि कोल्हापूरची गाडी थेट मुंबईला जाऊ लागली. या लाइनीवरची छोटी स्टेशनं तेव्हा शेतांत होती. आता त्यातली पहिली दोन-तीन शहराच्या पोटात आहेत.

सासवड रोड स्टेशनात मी गेलो तो सकाळच्या गर्दीच्या वेळी. गर्दी अर्थात बाहेर, सासवड रस्त्यावर होती. भेकराईनगरच्या बस डेपोपासून गाडीतळापर्यंत दुचाक्या, टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या एकमेकींना खेटून उभ्या. आत फलाटावर माझ्याखेरीज दोन कुत्री आणि एक गृहस्थ. गृहस्थ रोज सकाळी फलाटावर फेऱ्या मारायला येतात. रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून निवृत्त झालेले, आयुष्य याच लाइनीवरच्या लहान स्टेशनांत गेलेलं. नाव छापू नका म्हणाले. “पेपरवाले येतात, फोटो काढतात, जातात. गाडी काय थांबत नाही.”

या काकांना स्टेशनाबद्दल विचारायला गेलो आणि तास गेला तो गोळ्याच्या गोष्टीत. एकेरी लाइनीवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून जुनी युक्ती होती. शेजारशेजारच्या दोन स्टेशनांत विजेच्या तारेनं जोडलेली एकेक पेटी. एका मास्तरनं घंटीच्या खुणेनं विचारायचं, दुसऱ्यानं पलीकडून मोकळीक द्यायची, की पेटीतून एक पोलादी गोळा बाहेर पडायचा. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात असेल तरच गाडीनं पुढच्या टप्प्यात शिरायचं. एक गोळा बाहेर असेतोवर दोन्हीपैकी कुठलीच पेटी दुसरा देत नाही. गाडी पुढच्या स्टेशनात पोचली, गोळा तिथल्या पेटीत पडला, की मगच पुढचा व्यवहार.

आता न थांबणाऱ्या गाडीला हा गोळा द्यायचा कसा? वेताचं मोठं रिंगण, त्याला चामड्याची पिशवी, पिशवीत गोळा. पॉइंट्समननं फलाटाच्या टोकाला उभं राहून रिंगण वर धरायचं आणि इंजिनातल्या सहायकानं बाहेर झुकून त्यात हात घालून ते उचलायचं. त्याच दमात आधीच्या टप्प्याचं रिंगण खाली टाकायचं. काकांनी फलाटावर उभं राहून मला ते करून दाखवलं. डावा पाय मागं, गुडघा सैल, रिंगण अंगापासून लांब आणि किंचित तिरपं. “ताठ धरलं तर त्याच्या हाताला हिसका बसतो. सैल धरलं तर त्याच्या हाताला लागत नाही. गाडी अंगावर येताना इंजिनाकडं बघायचं नाही, त्याच्या कोपराकडं बघायचं.” रात्री मशाल पेटवून उभं राहायचं. पावसात मशालही धूर ओकते आणि डोळ्यांपुढं इंजिनाच्या दिव्याखेरीज काही दिसत नाही. नव्या सहायकांचे दंड पहिले काही महिने काळेनिळे असायचे.

एकदा वरून टाकलेलं रिंगण फलाटाऐवजी ओढ्याच्या काठच्या बाभळीत गेलं. पेटीत गोळा नाही म्हणजे समोरच्या गाडीला वाट नाही. मास्तर, पोर्टर, काका आणि थांबलेल्या गाडीतले चार उत्साही प्रवासी कंदील घेऊन काटे तुडवत होते. सापडला तेव्हा मास्तरांनी गोळा कपाळाला लावला, असं काका सांगतात. आता सिग्नल बटणावर आहेत. मिरज लाइन दुहेरी झाली, वर विजेच्या तारा आल्या. काकांना त्याचं वाईट वाटत नाही. त्यांचं म्हणणं वेगळंच आहे. “तवा गाड्या कमी होत्या, पन थांबायच्या. आता रूळ दोन झाले, तारा आल्या, आन् थांबनाऱ्या गाड्या बोटावर मोजा.”

ही तक्रार नुसत्या आठवणींच्या उमाळ्यातून आलेली नाही. राजेवाडी-आंबळ्याचा भाग अंजीर-सीताफळांचा. पुरंदरच्या अंजिराला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पाट्या घेऊन पुण्याच्या बाजारात येणाऱ्या बायकांना पॅसेंजर सोयीची, कारण बसमध्ये पाटी चढत नाही आणि टेम्पोचं भाडं फळाच्या भावातून निघत नाही. करोनानंतर याच पॅसेंजर गाड्या ‘स्पेशल’ म्हणून धावू लागल्या आणि दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं. ते पुन्हा दहावर यायला २०२४ उजाडलं. मधल्या काळात अनेकांनी रेल्वेचा नाद सोडला तो सोडलाच. “सवय मोडली,” असं एका बाईंनी दोन शब्दांत सांगितलं. मुंबई-कोल्हापूर सह्याद्री एक्स्प्रेसचंही तसंच. बंद पडली आणि परतली ती पुणे-कोल्हापूर म्हणून. मुंबई गळाली ती गळालीच.

फुरसुंगीच्या एसपी इन्फोसिटीत काम करणारा एक तरुण भेटला. चिंचवडला राहतो. घरापासून पुणे स्टेशनापर्यंत लोकलनं येतो, पुढं रिक्षा नाहीतर बस. त्याच्या ऑफिसच्या हद्दीबाहेर रेल्वेचे रूळ आहेत हे त्याला ठाऊक होतं. स्टेशन आहे हे ठाऊक नव्हतं. त्याला दोष द्यावासा वाटत नाही. पुणे-लोणावळा लोकल ११ मार्च १९७८ला सुरू झाली आणि गेली पंचेचाळीसहून अधिक वर्षं ती पुणे स्टेशनात येऊन संपते. शहर मात्र तिथं संपलेलं नाही. ते हडपसर, मांजरी, फुरसुंगी, उरुळी देवाची ओलांडून पुढं गेलं.

लोकल पुण्यातच संपण्याला कारण होतं आणि ते खरंच होतं. लोकलचे डबे विजेवर चालतात. दौंड आणि मिरज लाइनींवर तारा नव्हत्या. दौंडच्या तारा २०१७च्या सुमारास आल्या, मिरजेच्या त्यानंतर. मिरज लाइन एकेरी होती, तीही अडचण दुहेरीकरणानं संपत आली. म्हणजे लोणावळ्याहून आलेली लोकल पुणे स्टेशनात न संपवता तशीच पुढं दौंडला किंवा जेजुरीला नेता येईल. इंजिन फिरवावं लागत नाही, दिशा बदलावी लागत नाही. उलट गाडी स्टेशनात संपली की ती फलाट अडवून बसते आणि पुणे स्टेशनला फलाट आहेत सहा. थेट जाणारी गाडी काही मिनिटांत फलाट मोकळा करते. हा हिशेब कुणा तज्ज्ञाचा नाही, काकांचा आहे. मला तो पटला.

सध्याच्या प्रस्तावांची यादी लांब आहे. पुणे-लोणावळा तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५मध्ये मंजुरी दिली, खर्च सुमारे ५,१०० कोटी. गरज आहेच. तिथं मुंबईच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल दोनच रुळांवर दाटीवाटीनं धावतात आणि दुपारच्या लोकलचा बळी आधी जातो. हडपसरला पर्यायी टर्मिनल झालं, तिथून लांबच्या गाड्या सुटू लागल्या. दौंड एप्रिल २०२४पासून सोलापूर विभागातून पुणे विभागात आलं. त्यामुळे दौंडला उपनगरीय दर्जा देण्याच्या जुन्या मागणीतली ‘दोन विभागांचा प्रश्न’ ही सबब तरी गेली. खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला मेट्रोला केंद्रानं नोव्हेंबर २०२५मध्ये होकार दिला. पुणे-नाशिक लाइन खोडदच्या महाकाय दुर्बिणीपाशी अडली आणि आता शिर्डीमार्गे वळवण्याच्या गोष्टी चालू आहेत. आमच्या आधीच्या पिढीनंही ती नकाशातच पाहिली. पुरंदर विमानतळासाठी पारगावच्या पंचक्रोशीत जमिनींवरून शेतकरी आणि सरकार यांच्यात ताण आहे. विमानतळ झालाच, तर जवळची राजेवाडी-आंबळ्याची स्टेशनं आयती आहेत, हे मात्र त्या चर्चेत फारसं ऐकू येत नाही.

या यादीत सगळं नवं आहे. जुन्या स्टेशनात गाडी थांबवणं हा कुणाला ‘प्रकल्प’ वाटत नाही. त्याला भूमिपूजन लागत नाही, कोनशिला बसत नाही.

परदेशात हे करून दाखवलेलं आहे. इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये ओकहॅम्प्टनची रोजची गाडी १९७२मध्ये बंद झाली होती, ती नोव्हेंबर २०२१मध्ये परत सुरू केली. स्कॉटलंडात एडिंबरापासून दक्षिणेकडे जाणारी लाइन १९६९मध्ये बंद झाली आणि पुढं तिचे रूळही उखडले. तिचा ट्वीडबँकपर्यंतचा भाग २०१५मध्ये पुन्हा बांधून काढला. तिथं तर उखडलेले रूळ परत टाकावे लागले. आपले रूळ जागेवर आहेत, उलट दुप्पट झालेत.

अडचणी नाहीत असं नाही. एक गाडी थांबते म्हणजे वेग कमी करणं, थांबणं, पुन्हा वेग घेणं यात मागच्या एक्स्प्रेसची मिनिटं जातात. काळेपडळच्या फाटकावर आधीच रांगा लागतात; गाड्या वाढल्या तर फाटक आणखी वेळ बंद राहील, म्हणजे तिथं भुयारी मार्ग किंवा पूल आधी हवा. लहान स्टेशनांचे फलाट लोकलच्या दारापर्यंत उंच करावे लागतील. आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर रिक्षा-बस मिळाली नाही, तर प्रवासी दुसऱ्या दिवशी दुचाकीच काढेल. हडपसर टर्मिनलला जाणारे रस्ते बघितले की ही भीती खरी वाटते. टर्मिनल आधी आलं, रस्त्याची रुंदी अजून यायची आहे.

म्हणून मागणी लहान ठेवावी. सकाळी कामाला जायच्या वेळी दोन आणि संध्याकाळी परतताना दोन लोकल लोणावळा ते जेजुरी अशा थेट सोडाव्यात, घोरपडी, सासवड रोड, फुरसुंगी आणि म्हातोबाच्या आळंदीला थांबवाव्यात. तशाच दोन-दोन दौंडपर्यंत. वर्षभर त्या वेळेवर चालवाव्यात. महिनाभर चालवून ‘प्रतिसाद नाही’ म्हणून बंद करू नयेत, कारण मोडलेली सवय महिन्यात लागत नाही. महापालिकेनं आणि पीएमपीनं या स्टेशनांच्या दारात छोट्या बसगाड्या द्याव्यात.

आणि पूर्व पुण्यात राहणाऱ्यांनी एक करावं. आज जी काही पॅसेंजर तुमच्या स्टेशनात थांबते, तिनं एकदा जाऊन बघा आणि तिकीट न चुकता तुमच्याच स्टेशनाचं काढा. थांबा ठेवायचा की काढायचा, हे ठरवताना रेल्वे त्या स्टेशनावरची तिकीटविक्री बघते.